‘असली समुद्री दगड’वाल्या साहेबांस

राजमान्य राजेश्री ‘ओरिजिनल ओशन रॉक’वाले साहेब यांस,



तुमची-माझी ओळख नाही. तुमचं नाव ठाऊक नाही, पत्ता तुम्ही कुणाला देत नाही, आणि फोनवर स्वतःच्या फोटोच्या जागी तुम्ही शार्क माशाचं चित्र लावलंय. तरी तुमची जाहिरात सोसायटीतल्या मुलांच्या फोनवरून फिरत फिरत माझ्यापर्यंत पोचलीच. ‘शंभर टक्के नॅचरल. समुद्रातला असली दगड. घरी बनवलेला सिमेंटचा डुप्लिकेट माल नाही. बाराशे रुपये किलो. बंगळुरूत घरपोच.’ खाली जोडलेले हात. आमच्या गच्चीवर सिमेंटचा तो डुप्लिकेट माल मीच बनवते, तेव्हा उत्तर द्यायचा पहिला हक्क माझा.

आधी कौतुक करते. एचएसआर लेआउटमध्ये समुद्र विकायचा म्हणजे येऱ्यागबाळ्याचं काम नव्हे. होसूर रोड आणि सर्जापूर रोड यांच्या मधला हा आमचा मुलूख समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंच. चेन्नईकडे जा की मंगळूरकडे, तीनशे किलोमीटरच्या आत खारा वारा लागत नाही. नळाला येतं ते कावेरीचं पाणी, तेही शंभर किलोमीटरवरून पंपांनी चढवून आणलेलं. अशा ठिकाणी पंचविशीतली पोरं भाड्याच्या फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्याच्या टाक्या मांडून बसतात, पाकिटातलं मीठ आरओच्या पाण्यात कालवून लिटरला ३५ ग्रॅमचा समुद्र तयार करतात आणि निळ्या दिव्याखाली क्लाउनफिश बघत ऑफिसचा शीण घालवतात. मला या पोरांचं हसू येत नाही. मी मालवणची. निवृत्त होईपर्यंत रोज समुद्र बघितलाय, आता मुलीकडे राहायला आल्यावर तोच समुद्र दोनशे लिटरचा झाला तरी मला चालतो.

दगडाचा तर इथे तोटाच नाही. बंगळुरूच्या लालबागेतला तो मोठा उघडा खडक भूवैज्ञानिकांच्या हिशेबात सुमारे तीनशे कोटी वर्षांचा आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवलंय. आम्ही गच्चीवर दगड थापायला बसलो तेव्हा आमची कामवाली बाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, ‘अम्मा, कल्लू यारादरू माडतारा?’ म्हणजे, दगड कुणी बनवतं का? तिचा प्रश्न चोख होता. तीनशे कोटी वर्षांच्या खडकावर राहणाऱ्या माणसांनी सिमेंटचा दगड बनवायचा, हे ऐकायला वेड्यासारखंच वाटतं. पण तो लालबागी खडक टाकीत कामाचा नाही. तो घट्ट, स्फटिकी, आत पाणी शिरायला वाट नसलेला. आमचा सह्याद्रीचा काळा फत्तरही तसाच. खाऱ्या पाण्याच्या टाकीला हवा सच्छिद्र दगड.

का हवा, ते तुम्ही गिऱ्हाइकाला बरोबर समजावता, एवढं श्रेय देते. मासे विष्ठेतून आणि कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. अमोनिया त्यांनाच मारतो. दगडाच्या पृष्ठभागावर बसलेले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. दगडाच्या पोटात खोलवर, जिथे प्राणवायू जेमतेम पोचतो, तिथे आणखी काही जिवाणू नायट्रेटचा साधा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. दगड हीच गाळणी. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ साली हे जगापुढे मांडलं. समुद्रातून जिवंत दगड आणून टाकीत ठेवा, थोडी हवा सोडा, बाकी निसर्ग बघून घेईल, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यापुढे समुद्र होता आणि तेव्हा कुणाला प्रवाळांची चिंता नव्हती. तुम्ही आज, साठ वर्षांनंतर, तोच पाठ म्हणताय आणि मधली साठ वर्षं गाळताय.

शिवाय तुमच्या पाठात एक वाक्य कमी आहे. जिवाणू पत्रिका बघत नाहीत. त्यांना हवी ओलसर, छिद्राछिद्रांची जागा आणि अमोनिया. दगड कोणत्या कुळातला, समुद्रात जन्मला की सेक्टर दोनच्या गच्चीवर, याची चौकशी करणारा जिवाणू अजून कुणाला सापडलेला नाही. ही चौकशी फक्त तुम्ही करता, आणि किलोला बाराशे लावता.

आता तुमच्या मालाकडे येऊ. खालच्या मजल्यावर नागपूरचा एक मुलगा राहतो. समुद्र त्याने आयुष्यात पहिल्यांदा कॉलेजच्या सहलीत गोव्याला पाहिला आणि तो कायमचा बिघडला. त्याने तुमच्याकडे पंचवीस किलो दगड मागवला. दर लिटरला शंभर-सव्वाशे ग्रॅम, हा जुना हिशेब त्याला तुम्हीच पढवलेला. थर्मोकोलचं खोकं रात्रीच्या स्लीपर बसने मडिवाळ्याला उतरलं, तिथून रिक्षाने आमच्या फाटकावर. पावतीवर लिहिलं होतं ‘सजावटीचं सामान’. वॉचमनने ते लॉबीत ठेवलं आणि अर्ध्या तासात पहिल्या मजल्यावरच्या शाकाहारी मंडळींनी खिडक्या लावून घेतल्या. मला बोलावणं आलं, कारण मालवणच्या बाईला वासाची सवय असणार असं सोसायटीत गृहीत धरलेलं आहे. सुक्या बांगड्याचा वास मला ओळखता येतो, साहेब. हा तो नव्हता. दगडाच्या भोकांत मेलेले स्पंज, किडे आणि शेवाळ सडल्याचा, कुजक्या अंड्याचा तो वास होता.

ओले कागद बाजूला केले. तामिळ वर्तमानपत्रं. आत दगड, आणि दगडांवर एकाला एक लागून चांदण्यांच्या आकाराची बारीक बारीक घरं. प्रवाळाचा एकेक जीव अशा एकेका घरात राहतो आणि घर चुन्याचं, स्वतः बांधलेलं. मालवणला ओहोटीला खडकांवर पोराइट्स आणि फेव्हाइट्स उघडे पडतात, ते दाखवायला मी वर्गातली मुलं घेऊन जात असे. त्यामुळे चष्मा न लावताही ओळख पटली. एका बाजूला पांढरी स्वच्छ कड होती. ताजी. पहार लावून फोडल्याशिवाय अशी कड निघत नाही.

पोराइट्सचा गोटा वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. त्या खोक्यातला सर्वांत मोठा तुकडा नागपूरच्या मुलापेक्षा वयाने मोठा असावा. तो तुम्ही एका ओहोटीत काढलात.

मुलाने माझ्यासमोर तुम्हाला फोन लावला. स्पीकरवर. तुमच्या त्या दहा मिनिटांबद्दल मी कायमची ऋणी आहे, इतकी करमणूक हल्ली नाटकातही होत नाही. आधी म्हणालात, हा मेलेला प्रवाळ आहे, किनाऱ्याला वाहून आलेला, आम्ही फक्त गोळा करतो. पांढऱ्या कडेबद्दल विचारल्यावर म्हणालात, माल इंडोनेशियाचा आहे, इम्पोर्टेड. इंडोनेशियातले लोक तामिळ वर्तमानपत्र वाचतात का, असं मी मधेच विचारल्यावर तुम्ही जरा थांबलात आणि म्हणालात, मॅडम, हा कायदा यायच्या आधीचा जुना स्टॉक आहे. प्रवाळांना तो कायदा लागू झाला २००१ साली. वीसहून जास्त वर्षं गोदामात पडून राहिलेल्या दगडातला स्पंज अजून ओला होता! तुमच्या गोदामावर खरं तर शास्त्रज्ञांनी निबंध लिहायला हवा.

कायद्याचं तुम्हीच काढलंत म्हणून सांगते. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा. २००१ मध्ये त्याच्या पहिल्या अनुसूचीत रीफ बांधणारे सगळे प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे हे सारे घातले गेले. वाघ ज्या अनुसूचीत आहे, तीच. पुढे २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्यांची फेरमांडणी झाली, प्रवाळ पहिल्या अनुसूचीतच राहिले. त्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत गुन्हा सिद्ध झाला तर किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, आणि दंड पंचवीस हजारांच्या खाली नाही. प्राणी जिवंत असो की त्याचा नुसता तुकडा, फरक पडत नाही. वाघ मेला म्हणून त्याचं कातडं बाराशे रुपये किलोने विकता येत नाही, तसंच हे. इंडोनेशियाची थापही चालायची नाही, कारण पाषाणप्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो आणि त्याला निर्यातीचा परवाना लागतो. तुमच्याकडे होता तो एकच कागद, तामिळ दैनिकाचा.

‘मेलेलाच होता’ हे तुमचं वाक्य मात्र मला रात्रभर टोचत राहिलं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं हा वाक्प्रचार मी मुलांना वाक्यात उपयोग करायला देत असे, पण इतकं चपखल उदाहरण कधी मिळालं नव्हतं. रीफमध्ये जिवंत भाग असतो तो वरचा पातळ थर. खालचा सगळा डोलारा मेलेल्यांनी बांधलेला. नव्या प्रवाळाची पोहणारी पिल्लं बसायला जागा शोधतात ती त्याच जुन्या सांगाड्यांवर. सांगाडा नेला की पुढच्या पिढीची जागा गेली, आणि लाटा अडवणारी भिंतही गेली.

भिंत गेल्यावर काय होतं, ते तुमच्या माल उचलण्याच्या पट्ट्यातच दिसतं. रामेश्वरम ते तुतिकोरिन, मन्नारचं आखात, एकवीस बेटांची रांग. १९८६ मध्ये तिथे सागरी राष्ट्रीय उद्यान झालं, १९८९ मध्ये जीवावरण राखीव क्षेत्र. पण त्याआधीपासून आणि त्यानंतरही कित्येक वर्षं तिथले प्रवाळ होड्या भरभरून किनाऱ्याला येत होते. घरांच्या पायाला, चुन्याच्या भट्ट्यांना, कारखान्यांना. एकवीसपैकी दोन बेटं, पूवरसनपट्टी आणि विलांगुचल्ली, आज पाण्याखाली आहेत. प्रवाळ उपसल्यामुळे ती गेली, असं तिथे काम करणारे संशोधक सांगतात. २००१ चा कायदा आला, मग २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली आणि समोर रीफ असणं म्हणजे काय, हे किनाऱ्यावरच्या माणसांना नव्याने उमगलं. तेव्हा कुठे तो उपसा थांबला. म्हणजे होड्यांचा थांबला. थर्मोकोलच्या खोक्यांचा तुम्ही चालू ठेवलात.

आणि गंमत ऐका. त्याच आखातात तुतिकोरिनच्या सुगंधी देवदासन सागरी संशोधन संस्थेची माणसं २००२ च्या सुमारापासून प्रवाळांचे तुकडे पुन्हा रुजवताहेत. तुकडे बांधतात कशावर? सिमेंटच्या लाद्यांवर. झिजत चाललेल्या वान बेटासमोर त्यांनी हजारोंनी कृत्रिम रीफ सोडले, तेही काँक्रीटचे. एके काळी प्रवाळ भाजून चुना केला; आज चुनखडी भाजून केलेल्या सिमेंटवर प्रवाळ वाढवावे लागताहेत. प्रवाळाच्या पिल्लांना सिमेंट डुप्लिकेट वाटत नाही. ती बसतात.

मुंबईच्या महापालिकेचंही ऐकून ठेवा. कोस्टल रोडच्या वाटेत हाजी अली आणि वरळीला प्रवाळांच्या थोड्याशा वसाहती आल्या. आपल्याकडच्या महापालिका झाडाबिडाला फारसं मोजत नाहीत, पण इथे वन्यजीव खात्याची परवानगी काढावी लागली, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ बोलवावे लागले, आणि २०२० च्या नोव्हेंबरात त्या वसाहती सांभाळून दुसरीकडे हलवल्या गेल्या. तुम्ही स्लीपर बसच्या डिकीतून हलवता. कार्यक्षमता म्हणतात ती हीच असावी.

बरं, डुप्लिकेट मालाची कृती. तुम्हाला ती ठाऊक नसावी, नाहीतर तुम्ही तिला इतके घाबरला नसता. की ठाऊक आहे म्हणूनच घाबरता?

एक भाग सिमेंट. पांढरं असलं तर दिसायला बरं, साधं असलं तरी चालतं. पन्नास किलोची साधी पिशवी चारशेच्या आसपास मिळते आणि पुरून उरते. तीन-चार भाग शिंपल्यांचा भरडा. कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात तो मिळतो, अंड्याचं कवच घट्ट व्हावं म्हणून लेयर कोंबड्यांना घालतात. मालवणला खानावळींच्या मागे तिसऱ्या आणि कालवांच्या कवचांचे ढीग पडलेले असतात, ते धुऊन वाळवून कांडले की तोच भरडा फुकट. मग एक-दोन भाग जाडं खडेमीठ. मी शिरोड्याचं आणते. १९३० साली तिथे सत्याग्रह झाला तो याच मिठासाठी, तेव्हा घरच्या मिठाला थोडा मान द्यायला हवा. मीठ घालायचं कारण साधं आहे: दगड घट्ट होतो, मग पाण्यात मीठ विरघळून जातं आणि त्याच्या जागी भोकं राहतात. जिवाणूंची बिऱ्हाडं. बांधकामाची बारीक वाळू मी घालत नाही, तिने दगड दाट होतो.

कोरडं सगळं एकत्र करून पाणी अगदी बेताने. मूठ वळली तर रव्याच्या लाडवासारखी टिकली पाहिजे आणि बोटाने दाबली तर फुटली पाहिजे. पातळ झालं की सिमेंटचा गिलावा भोकांत बसतो आणि हाती येतो तो फुटपाथचा ठोकळा. हातमोजे घालायचे, ओलं सिमेंट कातडी भाजतं. टबात ओली वाळू पसरून तिच्यात खड्डा करायचा, मिश्रण सैलसर टाकायचं, थापायचं नाही, बोटं खुपसून गुहा-बोगदे करायचे, वरून वाळू झाकायची. दोन दिवसांनी उकरून काढला की प्रत्येक दगड निराळा निघतो. कमान हवी तर कमान, फळी हवी तर फळी. असली निवड तुमच्या खोक्यात कुठून असणार? तुमच्याकडे पहार लागली तसा आकार.

आमचे सोसायटीचे सेक्रेटरी एका रविवारी धावत वर आले. गच्चीवर विनापरवाना बांधकाम चालू असल्याची तक्रार होती. टबातून कमान निघाली तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला, आणि जाताना हळूच विचारून गेले की गणपतीच्या देखाव्यासाठी असा डोंगर जमेल का. जमेल म्हटलं.

आता तुमचा हुकमी आक्षेप, ‘सिमेंटने मासे मरतात’. मरतात, साहेब. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधून दुसऱ्याच दिवशी दगड टाकीत सोडेल तर नक्की मरतात. सिमेंट पाण्याशी संयोग पावतं तेव्हा कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतं, म्हणजे आपला विझवलेला चुना. ताज्या दगडाच्या पाण्याचा पीएच बाराच्या वर जातो. समुद्राचा आठ पूर्णांक एक ते आठ पूर्णांक तीनच्या आसपास. हा आकडा एकाने वाढला की अल्कतेची धार दहापट होते, म्हणजे इथे फरक हजारो पटींचा. आणि पीएच चढला की टाकीतला निरुपद्रवी अमोनियमही विषारी अमोनियात बदलतो. मासा दोन बाजूंनी सापडतो. हे मी तीस वर्षं शिकवलंय, तुमच्याकडून शिकायची पाळी अजून आलेली नाही.

त्यावर उपाय आहे, फक्त तो तुमच्या धंद्यात बसत नाही. वाट बघणं. दगड गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचा. पाण्यावर पांढरी साय धरते, ती हवेतला कार्बन डायऑक्साइड चुन्याला भेटल्यामुळे. फुंकणीने चुन्याच्या निवळीत फुंकर मारायचा प्रयोग शाळेत सगळ्यांनी केलाय, तोच हा. पाणी बदलायचं, पुन्हा बुडवायचं. सहा आठवडे, आठ आठवडे, दगड जाड असेल तर त्याहूनही जास्त. शेवटी दगड स्वच्छ पाण्यात आठवडाभर न हलवता ठेवायचा आणि पीएच मोजायचा. समुद्राच्या आकड्याच्या वर चढत नसेल तरच टाकीत. आता हे एचएसआरमध्ये कुणाला सांगायचं? इथे कोथिंबीर दहा मिनिटांत दारात येते. कंपनी दीड वर्षात उभी करून विकून मोकळे होतात. दोन महिने बादलीत दगड भिजत पडलाय आणि आपण काहीच करायचं नाही, ही गोष्ट या मुलांना पगारवाढीपेक्षा अवघड वाटते. तुम्ही विकता तो दगड नव्हेच, साहेब, तुम्ही हे दोन महिने विकता. फक्त ते समुद्राच्या खात्यातून काढलेले असतात आणि तिथे दोन महिन्यांची नोंद वीस-पंचवीस वर्षं अशी होते.

पाण्याचा मुद्दा तुम्ही काढला नाहीत, पण काढता आला असता, म्हणून मीच काढते. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळुरूत पाण्याचा ठणठणाट झाला होता. पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली किंवा बागेला घातलं तर पाणीमंडळ पाच हजारांचा दंड लावत होतं, टँकरचे दर जिल्हा प्रशासनाला बांधून द्यावे लागले होते. त्या शहरात दगडाला महिनोन्महिने पाणी पाजणं शोभतं का? नाही. म्हणून आम्ही ते पाजतो घरच्या आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी. प्रत्येक स्वयंपाकघरात ते मोरीत जात असतं. दगड भिजवून झालेलं चुनखट पाणी पुढच्या खेपेचं मिश्रण कालवायला निम्मं लागतं, उरलेलं संडासाच्या फ्लशला. तुळशीला घालू नये, एवढं बघायचं.

मग टाकीत मांडणी, खारं पाणी, आणि कुणा मित्राच्या चालू टाकीतली मूठभर वाळू, तिच्यातून जिवाणू येतात. चिमूटभर अमोनिया घालून चक्र सुरू करायचं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर यायला महिना-दीड महिना. मासा त्यानंतर. क्लाउनफिशही समुद्रातून पकडून आणायची गरज नाही, ते कृत्रिमरीत्या वाढवायचं तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने कधीच बसवलंय. तुमच्या दगडासोबत फुकट येणारे काटेरी केसांचे किडे आणि मासे मारणारी मँटिस कोळंबी या मालात येत नाही, ही उणीव मी मान्य करते. समुद्री दगडावर दिसतो तो जांभळा रंगही पहिल्या दिवशी नसतो. वर्षभराने येतो.

व्यापाराचं म्हणाल तर मी तुमच्या पोटावर पाय द्यायला निघालेले नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या समुद्रातून जिवंत दगड काढायला १९९७ पासून बंदी आहे, तरी तिथे लोक जिवंत दगड विकतात: परवाना घेऊन स्वतः खाणीतला चुनखडक समुद्रात टाकतात, काही वर्षांनी तोच उचलतात. तुम्ही तर त्याहून सोपं करू शकता. तुमच्याकडे गिऱ्हाईक आहे, खोकी आहेत, बसवाले ओळखीचे आहेत. कवचांचा भरडा घ्या, सिमेंट घ्या, कामाला चार बाया लावा, दगड तीन महिने भिजवा आणि पाचशे रुपये किलोने विका. मी पहिली शिफारस करीन. पावतीवर ‘सजावटीचं सामान’ लिहिलंत तर ते त्या दिवशी खरंही असेल. पण तुम्ही करणार नाही, कारण या धंद्यात तीन महिने भांडवल अडकतं, आणि पहार घेऊन ओहोटीला उतरणाऱ्या गरीब माणसाला तुम्ही देता तेवढ्यात सिमेंटची पिशवीही येत नसेल. पकडला गेला तर तो जाईल तुरुंगात. शार्कच्या चित्रामागे तुम्ही सुखरूप.

नागपूरच्या मुलाचं सांगते. अशी वस्तू हाती आली तर ती सरकारची मालमत्ता ठरते आणि अठ्ठेचाळीस तासांच्या आत पोलिसांना किंवा वनाधिकाऱ्याला कळवावं लागतं, हे ऐकून तो पांढरा पडला. तुम्ही त्याला याची कल्पना दिली नव्हती. तीस हजार रुपये मोजून त्याने विकत घेतली होती ती तुरुंगाची वाट. मुदतीच्या आत आम्ही दोघं खोकं घेऊन वनखात्याच्या कार्यालयात गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने झाकण उघडलं, पुन्हा लावलं आणि पंखा वाढवायला सांगितला. मग शांतपणे जबाब लिहून घेतला. तुमचा फोन नंबर, बसची पावती, पैसे पाठवल्याची नोंद आणि जाहिरातीची छापील प्रत जोडली आहे. एक प्रत वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाच्या चेन्नईच्या कार्यालयाला टपालाने गेली.

कागदपत्रांत एक त्रुटी राहिली आहे आणि ती तुम्हीच भरून काढू शकता. मालाचं पक्कं बिल आम्हाला मिळालेलं नाही. तरी कृपया बिल पाठवावं, जीएसटी क्रमांकासह. वर्णनाच्या रकान्यात प्रजातीचं नाव, वजन आणि माल कुठल्या बेटावरून उचलला ते लिहावं. अधिकाऱ्यांनी हे तीन मुद्दे मुद्दाम विचारलेत. जुना स्टॉक असल्यास साठा नोंदवहीची प्रत जोडावी. पैसे परत करायची घाई करू नका, ते पुराव्यात धरलेत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका,
सेक्टर दोन, एचएसआर लेआउट, बंगळुरू